कार्डावर तीन नको असलेल्या नोंदी, तिन्ही सरसकट फ्रॉड म्हणून टाकू का?

घाईगडबड

मंडळी डोकं भणभणलंय, जरा वाट दाखवा. काल रात्री बऱ्याच महिन्यांनी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट ओळ न ओळ वाचलं (हो, दर महिन्याला वाचायला हवं, ते ऐकवू नका, घरी ऐकून झालंय) तर त्यात तीन प्रकारच्या नोंदी निघाल्या ज्या मला अजिबात मान्य नाहीत.

पहिली एका फोटो एडिटिंगच्या ॲपची. फुकट ट्रायल म्हणून घेतलं होतं, चार फोटो नीट केले, मग ॲप फोनमधून डिलीट केलं आणि विसरून गेलो. त्याचे पैसे चार महिने कापले जातायत. आणि गंमत पुढेच आहे, मधे माझं कार्ड हरवलं म्हणून मी नवीन घेतलं, नंबर वेगळा, एक्सपायरी वेगळी, हा नवा नंबर मी त्या लोकांना जन्मात दिलेला नाही, तरी चौथा हप्ता नव्या कार्डावरून गेला! हे कसं काय?

दुसरी म्हणजे एकाच रात्री दोन मिनिटांच्या अंतराने दोन अगदी चिल्लर रकमा. नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची नुसती सरमिसळ. ओटीपी आला नव्हता, मी झोपलो होतो.

तिसरी मोठी आहे. आधी तीन अक्षरं, मग एक चांदणी, मग मधेच तुटलेला शब्द. हे कोण बाबा, काही पत्ता लागत नाही.

बँकेच्या ॲपमधे डिस्प्यूटचं, म्हणजे नोंदीवर हरकत घ्यायचं, बटण आहे, त्यात पहिलाच पर्याय 'हा व्यवहार मी केलेला नाही'. तिन्हींवर तोच दाबून मोकळं व्हावं असं वाटतंय. आणि बिल भरायची तारीख सहा दिवसांवर आलीय, भरू की डिस्प्यूट मिटेपर्यंत थांबवू?

हळूचाल

आधी कार्ड ब्लॉक कर, बाकीचं नंतर वाच. त्या दोन चिल्लर नोंदी वाचूनच पोटात गोळा आला. आणि बँकेला फोन करताना कार्डाच्या मागे छापलेला नंबरच लाव, सर्चमधे सापडलेला नको.

खिडकी_तीन

एका बँकेच्या डिस्प्यूट विभागात सहा वर्षं काढलीत, आता तिथे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वर हळूचाल म्हणतायत ते बरोबर, ब्लॉक आत्ताच करा.

पण तिन्हींवर एकच बटण दाबू नका. तुम्हाला वाटतं 'पैसे परत हवेत' ही एकच गोष्ट आहे, बँकेच्या आत मात्र त्या वेगवेगळ्या फायली असतात. चार्जबॅक म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून तुमचे पैसे परत ओढणं, आणि प्रत्येक चार्जबॅकला कारणाचा कोड लागतो. व्हिसाकडे कार्ड समोर नसताना झालेल्या फ्रॉडचा कोड १०.४, रद्द करूनही चालू राहिलेल्या सबस्क्रिप्शनचा १३.२, वस्तू किंवा सेवा मिळालीच नाही तर १३.१, एकच व्यवहार दोनदा झाला तर १२.६. मास्टरकार्डकडे फ्रॉड म्हणजे ४८३७ आणि मर्चंटशी, म्हणजे विक्रेत्याशी, असलेली बाकीची बरीच भांडणं ४८५३ खाली जातात. हे आकडे तुम्हाला पाठ करायचे नाहीत, पण तुम्ही ॲपमधे जो पर्याय निवडता त्यावरून पलीकडचा माणूस कोड लावतो, आणि कोड चुकला की समोरच्याला उत्तर द्यायला अगदी सोपं जातं.

आता तुमच्या नोंदी उलट्या क्रमाने घेतो.

तिसरी, चांदणीवाली. मला फ्रॉडचा सगळ्यात कमी संशय हिच्यावर आहे. स्टेटमेंटवर मर्चंटच्या नावाला जेमतेम २०-२५ अक्षरांची जागा असते. छोटे विक्रेते एखाद्या पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेतात तेव्हा आधी त्या कंपनीची दोनचार अक्षरं, मग चांदणी, मग विक्रेत्याचं नाव, ते बसलं नाही की तुटतं. शिवाय दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि नोंदणी दुसऱ्याच नावाने हे तर नेहमीचं. तेव्हा नावाने शोधू नका, रकमेने शोधा. ती रक्कम शेवटच्या पैशापर्यंत जशीच्या तशी ईमेलच्या सर्चमधे टाका, आणि तारीख दोनतीन दिवस मागे धरा कारण व्यवहार एका दिवशी होतो आणि नोंद नंतर पडते. घरात कोणाकडे ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जादा कार्ड) असेल तर त्यांनाही विचारा. माझ्या टेबलावर येणाऱ्या 'मी केलाच नाही' पैकी किती नवऱ्याने बायकोला न विचारल्यामुळे आणि बायकोने नवऱ्याला न विचारल्यामुळे आलेले असत, सांगून पटणार नाही.

दुसरी, चिल्लरवाली. ही मात्र खरी वाटते. चोरलेला किंवा अंदाजाने जुळवलेला कार्ड नंबर चालतो का हे बघायला आधी अशी बारीक रक्कम मारतात, गेली की मग मोठी. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देणारे खूप असतात. इथे 'मी केलेला नाही' हाच पर्याय, आणि दोन्ही नोंदींवर वेगवेगळा. व्यवहार अजून पेंडिंग दिसत असेल तर बहुतेक ठिकाणी डिस्प्यूट घेत नाहीत, पक्की नोंद पडावी लागते, पण म्हणून फोन करायला थांबायचं नाही. कार्ड ब्लॉक करताना तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

पहिलीबद्दल नंतर लिहितो, ते जास्त किचकट आहे. तोवर मला सांगा, तुम्ही ते रद्द केलं होतं का? ॲप डिलीट करणं म्हणजे रद्द करणं नव्हे हां.

रोखठोक

एवढा अभ्यास कशाला राव. माझं एका जिमच्या ॲपशी असंच झालं, मी सरळ फ्रॉड दाबलं, आठवड्यात पैसे परत. बँक त्यांच्याशी काय भांडायचं ते भांडेल, आपल्याला काय.

खिडकी_तीन

@रोखठोक, आठवड्यात आले ते पैसे 'परत' आले असं समजू नका. तो बहुतेक तात्पुरता क्रेडिट असतो. बँक चार्जबॅक टाकते, तो व्हिसा-मास्टरकार्डच्या नेटवर्कमधून मर्चंटच्या बँकेकडे जातो, मर्चंटला पुरावे द्यायला मुदत मिळते आणि त्याचं पटलं तर तोच क्रेडिट उलटा फिरतो. दोन महिन्यांनी बिलात तीच रक्कम पुन्हा येते आणि मग लोक काउंटरवर येऊन ओरडतात.

आणि सबस्क्रिप्शनवाल्यांकडे पुरावा असतो. तुमच्या ईमेलने खातं उघडलंय, तुमच्याच फोनवरून लॉगिन झालंय, त्याच आयपी पत्त्यावरून वापर झालाय. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून तर नियमच आणलाय की त्याच मर्चंटकडे त्याच कार्डाचे १२० दिवसांहून जुने, विनातक्रार गेलेले दोन व्यवहार असतील आणि आयपी पत्ता किंवा डिव्हाइस वगैरे जुळत असेल तर १०.४ खालचा फ्रॉडचा दावा मर्चंट परतवू शकतो. वर तुम्ही बँकेला लेखी खोटं सांगितलेलं असतं ते वेगळंच. पुढे कधी खरंच चोरी झाली की त्या फायलीत हे आधीचं प्रकरण दिसतं.

रोखठोक

बरं बाबा. पैसे अजून तरी उलटे फिरले नाहीत, पण आता झोप उडवलीस.

घाईगडबड

@खिडकी_तीन किती आभार मानू. कार्ड रात्रीच ब्लॉक केलं, तक्रार नंबर घेतला. चिल्लरच्या दोन्ही नोंदी फ्रॉड म्हणून टाकल्या.

आता रद्द करण्याचं. खरं सांगतो, मला वाटत होतं मी केलं होतं. मग गॅलरीत शोधता शोधता एक स्क्रीनशॉट सापडला, मित्राला हसण्यासाठी पाठवलेला. त्यांच्या वेबसाइटवर 'रद्द करा' दाबल्यावर पहिल्या पानावर 'आम्हाला सोडून जाताय?' आणि एक रडका चेहरा, दुसऱ्या पानावर का जाताय याची दहा कारणं, तिसऱ्यावर 'थांबा, अर्ध्या किमतीत घ्या' असं हिरवंगार मोठं बटण आणि त्याच्या खाली राखाडी रंगात, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारं 'नको, पुढे चला'. मी त्या तिसऱ्या पानाचा फोटो काढला, मित्राला पाठवला, हसलो आणि टॅब बंद केला. म्हणजे चौथं पान असणार आणि ते मी पाहिलंच नाही. तारीख ट्रायलच्या आतली आहे, पैसे कापायच्या तीन दिवस आधीची. आता बोला.

दुकानदारीण

मी पलीकडच्या बाजूची, माझं छोटं ऑनलाइन दुकान आहे, हाताने बनवलेल्या वह्या विकते, म्हणून मधे तोंड घालते.

घाईगडबड भाऊ, बँकेत जायच्या आधी त्या ॲपवाल्यांना एक मेल टाकाच. आम्हाला चार्जबॅक आला की पैसे तर जातातच वर आमची बँक दंड लावते तो वेगळा, आणि तो बऱ्याचदा आम्ही जिंकलो तरी परत मिळत नाही. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं तर खातंच बंद होऊ शकतं. म्हणून शहाणा विक्रेता मेलवर नीट विचारणाऱ्याला गुपचूप रिफंड देऊन टाकतो. चार ओळी पुरतात: कोणत्या ईमेलने खातं, कोणत्या तारखेचे किती हप्ते, रद्द करायचा प्रयत्न कधी केला (तो रडका चेहरा जोडा!), आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर बँकेत डिस्प्यूट टाकतो. शिव्या नको. मला एकाने पहिल्याच मेलमधे चोर म्हटलं होतं, त्याचं पार्सल त्याच्याच शेजाऱ्याने घेऊन ठेवलेलं निघालं.

आणि एक, रिफंड मागितलाय तोवर लगेच चार्जबॅक टाकू नका. दोन्ही वाटांनी पैसे गेले की आमचा आणि तुमचा दोघांचा महिनाभर हिशेब जुळत नाही. पण फार दिवस झुलवत ठेवत असतील तर मात्र टाका, मुदत निघून जाते.

खिडकी_तीन

दुकानदारीण बाईंनी माझं काम हलकं केलं. मुदतीबद्दल: कार्ड नेटवर्कच्या बहुतेक कारणांना साधारण १२० दिवस मिळतात, पण ते बँकेने टाकायचे, म्हणजे तुमच्या हातात त्याहून कमी. तुमचे चार हप्ते आहेत, पहिल्याचे दिवस संपतच आलेत. म्हणून मेलला आठवड्याच्या वर वाट बघू नका.

तो स्क्रीनशॉट अर्धा पुरावा आहे. १३.२ साठी, म्हणजे रद्द केलेल्या सबस्क्रिप्शनच्या कोडासाठी, तुम्ही रद्द केलं होतं हे दाखवावं लागतं आणि तुम्ही केलं नाही, करायला गेला होता. बँकेतला माणूस विचारणार, कन्फर्मेशनचा मेल कुठाय? पण दुसरी एक पकड आहे. फुकट ट्रायलवरून पैशांवर नेणाऱ्या मर्चंटसाठी व्हिसाने २०२० मधे नियम कडक केले, सुरुवातीला स्पष्ट संमती घ्यायची, पैसे सुरू होण्याआधी कळवायचं, ऑनलाइन रद्द करायची सोपी सोय द्यायची. कार्ड व्हिसाचं असेल तर ट्रायल संपायच्या आधी तसा मेल आला होता का ते स्पॅममधेसुद्धा बघा. आला नसेल तर ते मेलमधे लिहा आणि डिस्प्यूटमधेही लिहा, राखाडी बटणाच्या फोटोसकट. हे फ्रॉडच्या खोट्या दाव्यापेक्षा कितीतरी दणकट आहे.

आणि काहीही करा, आज त्या वेबसाइटवर जाऊन चौथ्या पानापर्यंत पोचा. रद्द झाल्याचा मेल आला की तो जपा. त्या तारखेनंतर एक जरी हप्ता कापला तर ती केस आंधळासुद्धा जिंकेल.

नव्या कार्डावर हप्ता कसा गेला: व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे कार्ड अपडेट करणारी सेवा आहे. तुमचं कार्ड बदललं की तुमची बँक जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर तिथे कळवते आणि ज्या मर्चंटकडे जुना साठवलेला आहे त्याला तो मिळतो. हेतू चांगला, वीजबिल किंवा विमा अडकू नये, पण नको असलेलं सबस्क्रिप्शनही त्याच दारातून आत येतं. काही मर्चंट तर नंबर ठेवतच नाहीत, टोकन (नंबराऐवजी वापरायचा बदली कोड) ठेवतात, ते टोकन नव्या कार्डाला आपोआप जोडलं जातं. म्हणजे कार्ड बदलणं हा सबस्क्रिप्शन तोडायचा उपाय नाही. बँकेला 'या मर्चंटचे पुढचे हप्ते थांबवा' असं वेगळं सांगावं लागतं, आणि अपडेट सेवेतून माझं कार्ड काढा असंही विचारून बघा, बऱ्याच बँका ऐकतात.

सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला तो छोटा गुप्त आकडा) नसताना हप्ता कसा जातो हे पण लोक विचारतात. सीव्हीव्ही साठवून ठेवायला मर्चंटला परवानगीच नाही, तो फक्त पहिल्या वेळी लागतो. पुढचे हप्ते तुमच्या पहिल्या संमतीवर मर्चंट स्वतः टाकतो.

लांबचा_पाहुणा

बिल भरायच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. बाकीचं बिल वेळेत भरायचं, त्यात वाद नाही. वादातली रक्कम रोखता येते का हे मात्र देशावर आहे. मी अमेरिकेत होतो तिथे १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे, स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवलं तर तपास चालू असेपर्यंत तेवढी रक्कम भरावी लागत नाही, आणि कार्ड दुसऱ्याने वापरलं तर तुमच्या डोक्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर. ब्रिटनमधे १९७४ च्याच कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार, अगदी विक्रेता बुडाला तरी. भारतात रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, तिसऱ्याच कोणीतरी केलेली चोरी तीन कामाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकावर शून्य जबाबदारी आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायचं ओझं बँकेवर. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या बँकेच्या साइटवर सध्याचं काय ते बघून घ्या. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी, दिवस मोजले जातात आणि ते तुम्ही कळवल्यापासून नाही, नोंद किंवा सूचना आल्यापासून.

चॅटवर 'हो सर बघतो' म्हणाले यावर विसंबू नका. लेखी टाका. रक्कम रोखायची असेल तर 'ही रक्कम वादात आहे, यावर व्याज आणि लेट फी लावणार का' हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ते यायच्या आत बिलाची तारीख आली तर मी तरी पूर्ण भरून टाकीन, नंतर परत घेता येतात. क्रेडिट स्कोअरवर डाग बसला की तो काढायला जास्त घाम गळतो.

हळूचाल

अजून एक, डिस्प्यूट टाकल्यावर कोणी फोन करून 'सर तुमचा रिफंड मंजूर झालाय फक्त ओटीपी सांगा' म्हणालं तर ठेवून दे. ओटीपी पैसे जायला लागतो, यायला नाही. माझ्या काकांनी सांगितला होता. आणि ओटीपी देऊन झालेला व्यवहार 'मी केलाच नाही' म्हणून सिद्ध करताना काय हाल होतात ते त्यांना विचार.

घाईगडबड

अपडेट देतो, बरोबर अकरा दिवसांनी.

चिल्लरच्या दोन्ही नोंदींचा तात्पुरता क्रेडिट आलाय, बँक म्हणाली त्याच रात्री त्याच नावाने तिसरी मोठी रक्कम मारायचा प्रयत्न झाला होता तो त्यांच्या सिस्टिमने अडवला. मला त्याचा मेसेजही आला होता म्हणे, मी वाचला नव्हता.

चांदणीवाली मोठी नोंद... आता हसू नका. रक्कम ईमेलमधे टाकली, पहिलाच निकाल. माझ्या ब्लॉगच्या डोमेनचं, म्हणजे वेब पत्त्याच्या नावाचं, तीन वर्षांचं नूतनीकरण. मीच ऑटो-रिन्यू चालू ठेवलेलं, त्यांनी महिनाभर आधी दोनदा कळवलेलं. त्या दिवशी तीनही बटणं दाबली असती तर मी माझ्याच डोमेनवर फ्रॉडची केस टाकून ते घालवून बसलो असतो.

फोटोवाले: दुकानदारीण ताईंनी सांगितला तसा मेल टाकला, रडका चेहरा जोडून. पहिलं उत्तर छापील, 'आमच्या धोरणानुसार रिफंड नाही'. मग ट्रायल संपायच्या आधी कळवल्याचा तुमचा मेल दाखवा एवढं एकच वाक्य लिहिलं, कारण स्पॅमसुद्धा चाळलं, आला नव्हता. दोन दिवसांनी शेवटच्या दोन हप्त्यांचा रिफंड, 'सद्भावना म्हणून'. पहिल्या दोनांसाठी डिस्प्यूट टाकलाय, फ्रॉड नाही, 'सबस्क्रिप्शन'वाला पर्याय, आणि मी रद्द पूर्ण केलं नव्हतं हेही त्यात लिहिलंय. बघू.

बिल पूर्ण भरलं.

दुकानदारीण

दोन मिळाले हे खूप झालं. ब्लॉग कुठला, लिंक द्या की.

घाईगडबड

त्यावर शेवटचं लिहून चार वर्षं झाली ताई. म्हणून डोमेनचं ऑटो-रिन्यू पण बंद करायला बसलोय आत्ता. दुसरं पान चालू आहे, 'तुमचं नाव दुसऱ्या कोणी घेतलं तर?' असं विचारतायत.